व्हिडिओत समजते, वहीत जमत नाही

वाचकाचे पत्र

मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३६ वर्षे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून सगळे इंग्रजीत सुरू झाले आणि दहावीला गणितात नापास होऊन शिक्षण सुटले. आता मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला नाव घातले आहे. बाकीचे विषय होतील असे वाटते, पण बीजगणिताची धास्ती वाटते. गेले तीन महिने रोज रात्री फोनवर बीजगणिताचे व्हिडिओ पाहते. साठेक तरी झाले असतील. पाहताना सगळे समजते, सर पुढची पायरी लिहिण्याआधीच ती मला कळलेली असते. व्हिडिओ बंद करून वही घेतली की दुसऱ्या ओळीवरच अडते. गावातल्या बचत गटाचे हिशेब मीच ठेवते, त्यात कधी चूक होत नाही. अक्षरे आली की मात्र डोके चालत नाही. आमच्याकडे रेंजही धड नसते. एका कंपनीचा माणूस सारखा फोन करून १८,००० रुपयांचा ऑनलाइन कोर्स घ्या म्हणतो, वर्षभर महिन्याला १,७५० रुपये भरले तरी चालतील म्हणतो. घ्यावा का? की या वयात गणित डोक्यात शिरतच नाही? मुलगी आठवीत आहे, तिच्यासमोर वही उघडायचीही लाज वाटते. वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षाही सोबतच्या दोन पानांचा मला अधिक उपयोग झाला. गणित अडते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते नेमके कोणत्या ओळीवर अडते हे दाखवणारे फार थोडे असतात, आणि ते दाखवायला धैर्य लागते. तुमच्या दोन थेट प्रश्नांची उत्तरे आधी देते. तो कोर्स घेऊ नका. आणि या वयात गणित डोक्यात शिरत नाही हे खरे नाही. तुमच्याच वहीत त्याचा पुरावा आहे, म्हणून आधी ती वहीच पाहू.

पहिल्या पानावर वरचे उदाहरण आहे: ५ − २(क्ष − ३) = ७. पुस्तकात क्षच्या जागी इंग्रजी एक्स आहे, एवढाच फरक. कंस सोडवताना तुम्ही लिहिले आहे, ५ − २क्ष − ६ = ७. तिथून पुढे तुम्ही जे केले आहे ते सर्व बरोबर आहे: −२क्ष − १ = ७, मग −२क्ष = ८, आणि शेवटी क्ष = −४. चूक एकाच जागी आहे. कंसाबाहेर २ नसून −२ आहे, आणि −२ ने −३ ला गुणले की +६ येतात. म्हणजे ओळ अशी हवी होती: ५ − २क्ष + ६ = ७. मग ११ − २क्ष = ७, म्हणून क्ष = २. ज्या व्यक्तीला बीजगणित कळत नाही तिला त्या चुकीच्या ओळीनंतरच्या तीन ओळी इतक्या नेटक्या लिहिता आल्या नसत्या.

ऋण गुणिले ऋण धन का होते, हे तुम्हाला कोणी कधी समजावून सांगितले नसावे. पाठ करायला सांगितले असेल. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्रह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले, त्यात हाही नियम आहे. आणि ऋण या शब्दाचा अर्थच मुळी कर्ज असा आहे. आता तुमची बचत गटाची वही डोळ्यांसमोर आणा. एखाद्या सभासदाच्या नावावर तीन-तीनशे रुपयांची दोन कर्जे मांडलेली आहेत. गटाने ठराव करून ती दोन्ही कर्जे खोडून टाकली, तर त्या बाईच्या हाती नवा पैसा आला नसला तरी ती ६०० रुपयांनी वर आली. कर्ज म्हणजे ऋण. ते काढून टाकणे हेही ऋण. आणि दोन वेळा तीनशेचे ऋण काढून टाकले म्हणून ६०० धन. वरच्या उदाहरणात नेमके हेच घडते आहे. क्ष − ३ मधले तीन हे कर्ज आहे, आणि ते तुम्ही दोनदा काढून टाकत आहात. हा हिशेब तुम्ही दर महिन्याला करता, म्हणून तो तुम्हाला परका नाही.

त्याच पानावर खाली ३क्ष = −१२ आहे, आणि त्यापुढे क्ष = −१२ − ३ = −१५. ही चूक मी शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत इतक्यांदा पाहिली आहे की तिचे मूळ मला पाठ आहे. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य वर्गात आणि व्हिडिओत सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्याला ते सोयीचे असते, कारण त्याला त्यामागचे कारण ठाऊक असते. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र फक्त वाक्य उरते, आणि मग तो गुणाकारातला ३ सुद्धा उचलून पलीकडे नेतो आणि त्याच्यामागे वजाचे चिन्ह लावतो. माझे स्पष्ट मत आहे की शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य पडूच नये. समीकरण म्हणजे बाजारातला जुना दोन पारड्यांचा तराजू. काटा मध्यावर ठेवायचा असेल तर एका पारड्यात जे कराल तेच दुसऱ्या पारड्यातही करायला हवे. पारड्यातून काही उडून पलीकडे जात नाही. ३क्ष मध्ये तीनने गुणलेले आहे, म्हणून ते सोडवायला दोन्ही बाजूंना तीनने भागायचे, आणि क्ष = −४. पुढचे दोन महिने तुम्ही एकही पद पलीकडे नेऊ नका. ‘दोन्ही बाजूंत ५ मिळवले’, ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागले’ असे प्रत्येक ओळीच्या उजवीकडे मराठीत लिहा. वेळ लागेल, पण पाने वाया जाणार नाहीत.

दुसऱ्या पानावरच्या उदाहरणात अपूर्णांक आहेत: क्ष/२ + क्ष/३ = १०. तुम्ही सहाने गुणून डावीकडे ३क्ष + २क्ष अगदी बरोबर केले, आणि उजवीकडचे १० तसेच ठेवले. पुन्हा तराजूच. डावे पारडे सहापट केले तर उजवेही सहापट हवे: ५क्ष = ६०, म्हणून क्ष = १२.

या तिन्ही चुकांत दहावीचे काहीही नाही. चिन्हे, कंस, अपूर्णांक आणि तराजूची कल्पना हा सारा सहावी ते आठवीचा भाग आहे, आणि तुमच्या बाबतीत ही तीच वर्षे आहेत ज्यांत शाळेची भाषा बदलली होती. आपल्या गोव्यात मराठी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत मी हे पुन:पुन्हा पाहिले आहे. पाचवी-सहावीत मूल इंग्रजी वाक्य समजून घेण्यात इतके गुंतलेले असते की त्याच वेळी फळ्यावर सरकून गेलेले गणित हातून निसटते, आणि पुढे दहावीत नापास झाल्यावर ते मूल स्वत:लाच ‘ढ’ ठरवून मोकळे होते. तुम्ही ढ नाही. तुमच्या जिन्याच्या मधल्या दोन पायऱ्या बसवायच्या राहून गेल्या आहेत, आणि साठ व्हिडिओ पाहताना तुम्ही थेट वरच्या पायरीवर उडी मारण्याचा प्रयत्न करत होता.

आता व्हिडिओंविषयी. सर पुढची पायरी लिहिण्याआधीच ती कळते, असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते वाक्य मी दोनदा वाचले. आपल्या गावातल्या देवळात भजनाला वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला पखवाजाचा पुढचा बोल कोणता येणार हे आधीच कळते. सम कुठे येईल हे त्याची मान सांगते. पण पखवाज त्याच्या पुढ्यात ठेवला तर बोट उचलत नाही, कारण त्याच्या कानाला जे माहीत आहे ते हाताला कधी करावे लागलेले नसते. ओळखणे आणि आठवून करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओ पहिल्या गोष्टीची सवय लावतो. परीक्षेत दुसरी लागते.

ही चूक केवळ पाहणाऱ्याची नसते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मीही फोनपुढे उभी राहून शिकवले आहे. चाळीस मिनिटे मी बोलायची, लिहायची, आणि मधूनमधून ‘समजले का’ विचारायची. ‘हो टीचर’ असे उत्तर यायचे. ज्या मुलांना रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसावे लागत होते, त्यांचाही ‘हो टीचर’ असा संदेश यायचा. शाळा पुन्हा उघडल्यावर त्याच मुलांच्या वह्या माझ्यासमोर आल्या, तेव्हा मला कळले की त्या चाळीस मिनिटांत मी त्यांचा हात एकदाही चालवला नव्हता. मुलांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना खरोखरच समजले होते, जसे तुम्हाला समजते.

या विषयावर अभ्यासही झालेला आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या दोघांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरच प्रयोग केले होते. सोडवलेले एक उदाहरण नीट पाहून लगेच तशाच धाटणीचे दुसरे स्वत: सोडवायचे, अशा जोड्यांनी शिकलेल्या विद्यार्थ्यांना, नुसतीच उदाहरणांमागून उदाहरणे सोडवत बसलेल्यांपेक्षा वेळ कमी लागला आणि तशा उदाहरणांत चुकाही कमी झाल्या. म्हणजे सोडवलेले उदाहरण पाहणे वाईट मुळीच नाही. त्याच्यामागोमाग आपले उदाहरण यायला हवे, एवढेच. दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिके यांचा, २००६ मधला. एक उतारा काहींनी पुन:पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन:पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री स्पष्ट वाटलेला धडा चार दिवसांनी पुसट का होतो, याचे उत्तर यात आहे.

तेव्हा व्हिडिओ सोडू नका, पाहण्याची रीत बदला. वही आणि पेन हातात असल्याशिवाय व्हिडिओ सुरू करायचा नाही. पहिले उदाहरण सरांबरोबर शेवटपर्यंत पाहा. दुसरे उदाहरण फळ्यावर लिहून होताच व्हिडिओ थांबवा आणि फोन पालथा ठेवा. आता ते उदाहरण तुमचे आहे. अडले तर पाच मिनिटे अडू द्या. त्या पाच मिनिटांत मनात जी ओढाताण होते, तिच्यामुळेच नंतरचे उत्तर लक्षात राहते. मग फोन सरळ करून फक्त पुढची एक ओळ पाहा, पुन्हा पालथा घाला. दहा मिनिटांचा व्हिडिओ संपायला अशा रीतीने पाऊण तास लागेल, आणि रात्री एकच व्हिडिओ पुरा होईल, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी काही नवीन पाहण्याआधी कालचेच उदाहरण कोऱ्या पानावर, न पाहता, पुन्हा करा. तेच आठवड्याने परत एकदा.

हे सगळे एकटीने करताना एक अडचण उभी राहणारच: चूक झाली तर सांगणार कोण? वर्गात शिक्षक बाकांमधून फिरतो, व्हिडिओतला सर तुमची वही पाहू शकत नाही. पण बीजगणिताची एक मोठी कृपा आहे, जी इतिहासाला नाही की भाषेला नाही. इथे उत्तर खरे की खोटे हे प्रश्नच सांगतो. तुमच्या मराठी शाळेत भागाकार झाला की भाजकाने भागाकाराला गुणून, बाकी मिळवून ताळा पाहायला लावत असत ना? तोच ताळा. पहिल्या उदाहरणात तुमचे उत्तर −४ आले. ते मूळ समीकरणात घाला: क्ष − ३ म्हणजे −७, त्याची दुप्पट −१४, आणि ५ मधून −१४ वजा केले की १९. हवे होते ७. अर्ध्या मिनिटात कळले की वर कुठेतरी घसरण आहे. आता २ घालून पाहा: क्ष − ३ म्हणजे −१, दुप्पट −२, आणि ५ मधून −२ वजा केले की ७. जुळले.

घसरण नेमकी कोणत्या ओळीत झाली हे शोधायचीही एक सोपी युक्ती आहे, आणि ती मी तुम्हाला आवर्जून सांगते, कारण शाळेत ती क्वचितच सांगितली जाते. कंस सोडवताना किंवा पदे एकत्र करताना आपण केवळ रूप बदलतो, किंमत बदलत नाही. म्हणून क्षच्या जागी कोणतीही एक संख्या घातली तरी आधीच्या आणि नंतरच्या रूपाची किंमत सारखीच यायला हवी. शून्य घाला, सर्वांत सोपे. ५ − २(क्ष − ३) मध्ये शून्य घातले की ५ + ६ म्हणजे ११ येतात. तुमच्या ५ − २क्ष − ६ मध्ये शून्य घातले की −१ येतो. अकरा आणि उणे एक सारखे नाहीत, म्हणजे चूक या दोन ओळींच्या मधेच आहे. मात्र शून्य घातल्याने क्ष असलेली पदेच नाहीशी होतात आणि त्यांतली चूक लपते, म्हणून सोबत २ किंवा ३ घालूनही एकदा पाहावे. तुमच्या गटाच्या वहीत जमा-खर्चाचा मेळ बसला नाही तर तुम्ही पान उलटून पुढे जात नाही, कोणती नोंद चुकली ते शोधून काढता. ही तीच सवय आहे. ताळा पाहिल्याशिवाय कोणत्याही उत्तराखाली रेघ मारू नका.

पुस्तकांसाठी कुठे वणवण करायला नको. एनआयओएसच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकाचा पहिला विभागच बीजगणिताचा आहे: संख्यापद्धती, घातांक आणि करणी, बैजिक राशी व बहुपदी, विशेष गुणाकार आणि अवयव, रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी असे सात पाठ त्यात आहेत. प्रत्येक पाठात मधेमधे स्वत:ची प्रगती तपासण्यासाठी प्रश्न आहेत आणि पाठाच्या शेवटी त्यांची उत्तरे छापलेली आहेत. एकट्याने शिकणाऱ्यासाठी पुस्तक कसे असावे याचा विचार करूनच ते लिहिलेले आहे. मात्र ते लगेच उघडू नका. आधी मुलीची गेल्या वर्षीची सातवीची आणि यंदाची आठवीची पुस्तके घ्या, आणि त्यांतले पूर्णांक, अपूर्णांक आणि एका चलातील समीकरणे हे भाग पहिल्या ओळीपासून करा. तुम्हाला महिना-दीड महिना लागेल. मुलांना दोन वर्षे लागतात.

भाषेसाठी बालभारतीची मराठी पुस्तके जवळ ठेवा. ती महाराष्ट्राची असली तरी त्यांच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि नववी-दहावीच्या गणिताचा भाग १ म्हणजे बीजगणितच. इंग्रजी पुस्तकात एखादे प्रकरण कळेनासे झाले की तेच मराठीत वाचा, मग परत इंग्रजीकडे या. वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची जोडी लिहीत जा: व्हेरिएबल म्हणजे चल, कॉन्स्टंट म्हणजे स्थिर पद, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, फॅक्टर म्हणजे अवयव, रूट म्हणजे मूळ, सिम्प्लिफाय म्हणजे सरळरूप द्या. कोइफिशंट या शब्दावरून काहीच बोध होत नाही. सहगुणक म्हटले की जो सोबत राहून गुणतो तो, हे शब्दातच आले. आणि अक्षरांची जी भीती तुम्ही लिहिली आहे तिच्याविषयी एवढेच सांगते की बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिले तेव्हा अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे होती. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा. ज्याची किंमत अजून ठाऊक नाही त्याला हाक मारायला एक नाव हवे, तेवढेच काम तो एक्स करतो.

रेंजचा प्रश्न व्हिडिओ कमी केल्यानेच अर्धा सुटेल. आठवड्यातून एकदा वाळपईला बाजाराला जाता तेव्हा पाच-सहाच व्हिडिओ उतरवून घ्या. यूट्यूबवर आणि खान अकॅडमीच्या ॲपमध्ये तशी सोय आहे. खान अकॅडमीचे सगळे धडे विनामूल्य आहेत आणि सरावाचे प्रश्नही भरपूर आहेत. पण दोन-तीन सरांमागे धावू नका. प्रत्येकाची मांडणी वेगळी असते, एक जण ‘पलीकडे नेतो’, दुसरा ‘दोन्ही बाजूंना भागतो’, आणि शिकणाऱ्याच्या वहीत दोन्हींची सरमिसळ होते. तुमच्या दुसऱ्या पानावर ती मला दिसली. एक सर, एक पुस्तक.

कोर्सच्या पैशांचा हिशेब तुम्हीच करून पाहा. महिन्याला १,७५० रुपयांचे बारा हप्ते म्हणजे २१,००० रुपये. १८,००० च्या वर तीन हजार जादा. हप्त्यांच्या अशा योजनांत पुष्कळदा आपल्या नावावर कर्ज उचलले जाते आणि शिकणे थांबले तरी हप्ता थांबत नाही, म्हणून कोणत्याही कागदावर किंवा फोनवरच्या अर्जावर संमती देण्याआधी कर्ज कोण देतो आहे हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे असे की तुम्हाला जे कमी पडते आहे ते त्या कोर्समध्ये नाही. त्यात आणखी व्हिडिओ आहेत. तुम्हाला हवी आहे ती कोणीतरी आठवड्यातून एकदा तुमची वही पाहण्याची सोय. गावातली एखादी बारावी सायन्सची मुलगी रविवारी तासभर तुमच्या चुका पाहायला बसली, आणि तुम्ही तिला योग्य ते मानधन दिले, तर त्या कोर्सच्या एका हप्त्यापेक्षा ते कमी पैशांत आणि अधिक उपयोगाचे होईल. एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग कधी असतात हेही विचारून घ्या आणि जमतील तितक्यांना जा.

मुलीसमोर वही उघडण्याची लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावर मी थोडी थांबले. वर्गात पालकसभेला येणाऱ्या कित्येक आया मला सांगत, ‘टीचर, मला गणितातले काही कळत नाही, तुम्हीच बघा.’ मुले बाजूला उभी राहून हे ऐकत. त्यातून मुलाच्या मनात काय बसते, तर आपल्या घरात गणित नाही. तुमची मुलगी रोज संध्याकाळी आईला चुकताना, खोडताना, ताळा पाहून परत करताना पाहील, तर तिला जे मिळेल ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. तिला विद्यार्थिनी करा. तिच्या आठवीच्या पुस्तकातले एक उदाहरण तुम्ही तिला समजावून सांगा, आणि तिने ‘का?’ विचारले की थांबा. ज्या ‘का’ला उत्तर सुचणार नाही, तेच उद्याचे तुमचे पान.

परीक्षेची घाई करू नका. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे चालते, त्यात नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करूनही देता येतात. इतर विषयांची तयारी झाली असेल तर ते आधी द्या, गणित पुढच्या एप्रिलला ठेवा. चतुर्थीपर्यंत सातवी-आठवीचा पाया, दिवाळीपर्यंत एनआयओएसचे पहिले पाच पाठ, नाताळपर्यंत वर्गसमीकरणे आणि श्रेढी. वर्गसमीकरणांना भरपूर वेळ द्या, कारण अवयव पाडणे हाताला वळायला महिना लागतो. पेपरात बीजगणिताशिवाय व्यावहारिक गणित, भूमिती, क्षेत्रफळ-घनफळ, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी हे भागही असतात. त्यातले टक्केवारी, व्याज आणि हप्त्यांचे व्यावहारिक गणित तुम्ही गटाच्या कामामुळे बहुतेक आजच सोडवू शकाल, त्याला एक संध्याकाळ देऊन पाहा.

या आठवड्यासाठी चार उदाहरणे देते. पहिले, −७क्ष = २१. दुसरे, ४ − ३(क्ष − २) = १. तिसरे, क्ष/४ + क्ष/६ = ५. चौथे तुमच्या आणि मुलीच्या जोडीसाठी: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका बाईने २ डझन मानकुराद आणि १ डझन मुसराद घेतले, ३,१०० रुपये झाले, दुसरीने त्याच भावाने १ डझन मानकुराद आणि ३ डझन मुसराद घेतले, ३,३०० रुपये झाले. दोन्ही आंब्यांचा डझनाचा भाव काढा. मानकुरादला क्ष म्हणा आणि मुसरादला य.

मला उत्तरे कळवू नका, ताळ्याची पाने पाठवा. खोडाखोड असेल तीही तशीच राहू द्या. मला तीच पाहायची आहे.